घरी सगळं येतं, पेपरात ४० पैकी २२ : दहावीच्या गणिताचा पेपर लिहायचा कसा?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. आम्ही सांगलीचे. मुलगा दहावीला, राज्य मंडळ, मराठी माध्यम. पहिल्या सराव परीक्षेत गणित भाग १ ला ४० पैकी २२ मिळाले. बाकी विषय बरे आहेत.

माझा गोंधळ असा की पोराला गणित येतं. बालभारतीच्या पुस्तकातले सगळे सरावसंच झालेत, प्रत्येक प्रकरणाखालचा संकीर्ण प्रश्नसंग्रह दोनदा झालाय. मी स्वतः समोर बसून विचारलंय. पेपर हातात आला की म्हणतो, "हे येत होतं गं आई, कसं चुकलं काय माहीत." त्याचे बाबा म्हणतात उजळणी कमी पडली. क्लासचे सर म्हणतात "निष्काळजीपणा". आता निष्काळजीपणावर कुठलं औषध देतात? रोज "नीट लक्ष दे" म्हणून झालं, उपयोग शून्य. बोर्डाला पाच-सहा आठवडे उरलेत. कुणाच्या मुलांचं असं झालं होतं का? काय केलंत?

शिकवणीवाला
ताई, मी नाशिकला शिकवण्या घेतो. सरळ उपाय सांगतो. मागच्या वर्षांच्या दहा प्रश्नपत्रिका घ्या, रोज एक सोडवून घ्या. पुस्तक सोडवणं वेगळं आणि पेपर सोडवणं वेगळं. पुस्तकात वर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे कुठलं सूत्र लावायचं ते आधीच कळलेलं असतं. पेपरात ते ओळखायचंच काम असतं.

तिरकस
आमच्या वेळी गणित दीडशे गुणांचं होतं आणि घरच्यांना आपण कितवीत आहोत तेवढं माहीत असायचं. चालू द्या.
(रुमाल टाकून ठेवतोय. भाची नववीत आहे.)

फळाखडू
कृष्णाकाठची, मी निवृत्त शिक्षक. साताऱ्याकडे तीसेक वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे गठ्ठे तपासले.

दहा प्रश्नपत्रिका नंतर. आधी ती २२ गुणांची उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या, किंवा निदान शाळेत बसून बघा. गेलेले १८ गुण एकेक करून कागदावर उतरवा. तीन रकाने करा:

पहिला, येतच नव्हतं.
दुसरा, येत होतं पण चुकलं.
तिसरा, वेळ मिळाला नाही.

प्रत्येक अर्धा गुण कुठल्या तरी रकान्यात गेलाच पाहिजे आणि बेरीज १८ आलीच पाहिजे. "निष्काळजीपणा" असा रकाना करायचा नाही. तो शब्द आम्ही शिक्षक कंटाळलो की वापरतो. मुलाला बरोबर घेऊन करा, पण रागवायचं नाही हा नियम. यादी इथे टाका, मग बोलू.

ठाणेकर
सर, +१. माझी मुलगी सीबीएसईला होती, तिच्या शाळेत पेपर परत मिळाला की पालकांची सही घेऊन लगेच जमा. नेमकं काय चुकलं ते कुणी बघतच नाही. गुण बघतात आणि सही करतात. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

कृष्णाकाठची
दोन दिवस लागले, पण केलं. शाळेने एक दिवसासाठी उत्तरपत्रिका दिली. ही यादी:

प्र. १ (अ) बहुपर्यायी: आधी एक पर्याय लिहून खोडला, मग दुसरा लिहिला. दुसरा बरोबर होता. गुण नाही. १ गेला.
प्र. २ (ब): निश्चयकाच्या पद्धतीत चिन्ह चुकलं, १ गेला. वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचं होतं, क्ष² − १५क्ष + ५४ = ०. त्याने ५४ च्या जागी ४५ उतरवलं. १ गेला. संभाव्यतेचं गणित आलंच नाही, २ गेले. चौथ्यात सूत्र न लिहिता थेट किमती घातल्या, अर्धा गेला.
प्र. ३ (अ) कृती (रिकाम्या चौकटी भरायच्या असतात ती): बहुलकाची होती, नीट आली नाही, २ गेले.
प्र. ३ (ब): सूत्र पद्धतीने वर्गसमीकरण, विवेचक (ब² − ४अक) चुकला, २ गेले. दुसऱ्यात शेवटचं उत्तर वाक्यात लिहिलं नाही, अर्धा गेला.
प्र. ४: शेअर्सचं गणित, २ गेले. शाब्दिक गणितात "क्ष मानू, य मानू" आणि एक समीकरण लिहून सोडलंय, ३ गेले.
प्र. ५: कोरा. ३ गेले.

रकाने: येत नव्हतं ४, चुकलं ८, वेळ ६. बेरीज १८. बेरीज जुळल्यावर त्यालाच बरं वाटलं, मला नाही.

प्र. ५ घरी दिला तर दहा मिनिटांत सोडवला हो त्याने. तेच डोक्यात बसलंय माझ्या.

फळाखडू
उत्तम यादी. आता मुलाला एक प्रश्न विचारा. ते ५४-४५ चं गणित सोडवायला किती वेळ लागला?

कृष्णाकाठची
विचारलं. म्हणाला, "अवयव पडेचनात. तीन वेळा केलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील."

फळाखडू
तेच. ५४ असतं तर ९ आणि ६, अर्ध्या मिनिटाचं काम. ४५ घेतलं की गुणाकार ४५ आणि बेरीज १५ अशी जोडी पूर्णांकात नाहीच. विवेचक २२५ − १८० = ४५, पूर्ण वर्ग नाही. पोरगं तीन वेळा नाही, तीस वेळा केलं असतं तरी अवयव पडले नसते.

त्या चुकीचा एकच गुण कापला गेला, म्हणून यादीत ती एका गुणाची दिसते. पण तिने दहा मिनिटं खाल्ली, आणि प्र. ५ कोरा राहिला त्याला दहाच मिनिटं हवी होती. म्हणजे ती चूक चार गुणांची. तिसऱ्या रकान्यातले सहा गुण वेग कमी म्हणून गेले असं समजू नका. वेगावर काम करायला लागाल तर आणखी ५४ चे ४५ होतील.

दोन सवयी लावा. पहिली: गणित उतरवलं की सोडवायला घेण्याआधी बोट ठेवून प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक चिन्ह एकदा जुळवायचं. पाच सेकंद लागतात. दुसरी: "अवयव पाडा" असं सांगितलेल्या गणितात अवयव पडत नसतील, तर गणित कठीण आहे असं समजण्याआधी आपण चुकीचं उतरवलंय असं समजायचं आणि प्रश्नपत्रिकेकडे परत जायचं. पेपर काढणारा माणूस पडणारेच अवयव देतो.

शिकवणीवाला
हे आवडलं सर. हिशेब कधी असा केला नव्हता. तरी वेगाबद्दल असहमत. माझ्याकडे अशी मुलं आहेत ज्यांना सातचा पाढा आठवायला बोटं लागतात. त्यांना जुळवणी शिकवून काय होणार? गणकयंत्र तर वापरता येत नाही.

फळाखडू
त्यांचं वेगळं, मान्य. पाढे आणि ३० पर्यंतचे वर्ग पाठ नसतील तर ते आधी. या मुलाच्या यादीत तसं दिसत नाही एवढंच म्हणतो.

दुसऱ्या रकान्यातल्या बाकीच्या चुका बघू. निश्चयकाचं गणित कुठलं होतं?

कृष्णाकाठची
३क्ष − ४य = १० आणि ४क्ष + ३य = ५. त्याचं उत्तर क्ष = २/५ आलं होतं, बरोबर उत्तर २. विवेचकवालं ५म² − ४म − २ = ० होतं, त्यात त्याने १६ − ४० = −२४ केलं आणि पुढे अडकला.

फळाखडू
दोन्ही चुका एकच आहेत. डी-एक्स, म्हणजे क्ष साठीचा निश्चयक, काढताना (१० × ३) − (−४ × ५), म्हणजे ३० + २० = ५०. त्याने ३० − २० केलं. विवेचकात १६ − ४ × ५ × (−२), म्हणजे १६ + ४० = ५६. त्याने वजा केलं. दोन्हीकडे सूत्रातलं एक वजा आणि संख्येचं स्वतःचं एक वजा, अशी दोन वजा शेजारी आली आणि त्याने एक गिळलं. आठ गुणांतले तीन गुण या एका चुकीचे. "चिन्हाकडे लक्ष दे" सांगून काही होत नाही, कारण नेमक्या कुठल्या क्षणी लक्ष द्यायचं ते त्याला कळत नाही. तो क्षण दाखवून द्या: सूत्रात किंमत घालताना ऋण संख्या आली की कंस. कंस घातल्याशिवाय पुढची पायरी नाही. आठवडाभर फक्त अशीच दहा-पंधरा गणितं किमती घालण्यापुरती करून घ्या, पूर्ण सोडवायचीही गरज नाही.

शिवाय ताळा. एकसामयिक समीकरणांत क्ष = २, य = −१ मूळ समीकरणांत घालून बघायला वीस सेकंद लागतात. ६ + ४ = १०, जुळलं. २/५ आलं तेव्हाच शंका यायला हवी होती. अपूर्णांक उत्तर येऊच शकतं, पण ते आलं की ताळा सक्तीचा.

तिरकस
"ताळा" हा शब्द किती वर्षांनी ऐकला! आमचे मास्तर ताळा नाही तर गुण नाही म्हणायचे. प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

वऱ्हाडची
मी गेल्या वर्षीच दहावी झाले, अकोल्याची. काका-काकू मंडळींत लिहू का?

आमच्या सरांनी सांगितलं होतं आणि मला खूप उपयोग झाला ते असं की घरी पेपर सोडवायचा तर ११ वाजताच सोडवायचा. रात्री नाही. बोर्डाचा पेपर ११ ला असतो तर डोकं ११ ला चालू व्हायला पाहिजे. मी दर रविवारी सैपाकघरातल्या टेबलावर बसायची, आई फोडणी देत असायची तरी उठायची नाही. पहिल्या दोन रविवारी पेपर पुराच झाला नाही, तिसऱ्या रविवारी झाला.

आणि उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर सोडवायचं. वहीत सोडवलं की आपण कुठंपण कच्चं काम करतो अन् मग तेच उतरवताना चुकतो.

ठाणेकर
छान लिहिलंस. एक विचारू? राज्य मंडळात पेपर वाचायला वेगळा वेळ मिळतो का? सीबीएसईला १५ मिनिटं मिळतात, त्यात मुलगी कुठली गणितं करायची ते ठरवून टाकायची. पण तिथे ८० गुणांचा एकच पेपर, तीन तास. तुमचे दोन पेपर ना?

वऱ्हाडची
हो, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, ४०-४० गुण, दोन-दोन तास. वीस गुण अंतर्गत. आधी दहा मिनिटं अगोदर पेपर द्यायचे म्हणतात, ते २०२३ पासून बंद झालं. आता शेवटी दहा मिनिटं जास्त देतात. ११ ते १.१०.

फळाखडू
बरोबर. आणि त्या दहा मिनिटांची जागा बदलल्याने काय झालं ते पालकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी मुलांना लिहिताच येत नसे म्हणून ती नाइलाजाने वाचत. आता पेपर हातात पडताच लिहायची मुभा, त्यामुळे वाचत कुणीच नाही. पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून वाचायची सवय घरीच लावावी लागते. या पेपरात निवड भरपूर आहे: प्र. २ (ब) पाचपैकी चार, ३ (ब) चारपैकी दोन, ४ तीनपैकी दोन, ५ दोनपैकी एक. न वाचता पहिलं दिसेल ते सुरू करणारं मूल ही निवड फुकट घालवतं. त्या पाच मिनिटांत करायच्या गणितांवर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं. प्रश्नपत्रिकेवर दुसरं काही लिहायचं नाही.

वेळेचा माझा हिशेब, वर्गात सांगायचो तो: प्र. १ ला १५ मिनिटं, प्र. २ ला ३६, प्र. ३ ला २५, प्र. ४ ला २४, प्र. ५ ला १०. झाली ११०. उरलेल्या वीसांत सुरुवातीचं वाचन आणि शेवटची तपासणी. ढोबळ मानाने एका गुणाला तीन मिनिटांच्या आत. दोन गुणांच्या गणिताला सहा मिनिटं झाली आणि शेवट दिसत नाही, की अर्धं पान जागा सोडून पुढे. ते गणित सोडून जाणं फार अवघड असतं बरं का. हुशार मुलांना जास्त अवघड.

शिकवणीवाला
क्रमाबद्दल मात्र माझं मत वेगळं. माझी मुलं प्र. ४ पासून सुरू करतात. डोकं ताजं असताना चार गुणांची गणितं, मग खाली उतरत यायचं. बहुपर्यायी शेवटी.

फळाखडू
काहींना जमतं. धोका असा की प्र. ४ चं पहिलंच गणित अडलं तर अर्धा तास जाऊनही पान कोरं, आणि मग हात थरथरायला लागतात. पहिल्या वीस मिनिटांत आठ-दहा गुण खिशात पडले की मूल सावरतं. आणि बहुपर्यायी शेवटी ठेवू नका. त्यात पहिल्या प्रयत्नातलंच उत्तर ग्राह्य धरतात, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. घाईत लिहून खोडलं की गेला. ताईंच्या मुलाचा गेलाच आहे. आधी कच्च्या कामात करायचं, मग अक्षर लिहायचं.

क्रम कुठलाही ठेवा, पण प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न ठळक लिहा, आणि एका प्रश्नाचे उपप्रश्न शक्यतो सलग ठेवा. गठ्ठा तपासताना प्र. २ चे तुकडे चार ठिकाणी शोधायला लागले की परीक्षकही माणूसच असतो.

परदेशी पुरणपोळी
मी इंग्लंडमध्ये राहते, माझी मुलगी इथे जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, देतेय. तीन पेपर, प्रत्येकी ८० गुण, दीड तास. पहिल्या पेपरला गणकयंत्र नाही, पुढच्या दोन्हींना आहे. मजा म्हणजे तिची शिक्षिकाही हेच सांगते: पायऱ्या लिहा. इथे पद्धतीचे गुण वेगळे आणि उत्तराचे वेगळे, गुणदान कसं झालं ते छापूनही मिळतं. मुलगी तोंडी करून नुसतं उत्तर लिहायची आणि उत्तर चुकलं की चारही गुण जायचे. माझी आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तिला "अगं पायऱ्या लिही" म्हणून ओरडते. दोघींना एकमेकींची गणिताची भाषा कळत नाही, तरी तेवढं कळलं.

फळाखडू
आपल्याकडेही पायऱ्यांनाच गुण आहेत. शाब्दिक गणितात काय मानलं ते लिहिणं, समीकरण मांडणं, सोडवणं, उत्तर वाक्यात लिहिणं. ताईंच्या मुलाला अर्धवट सोडलेल्या गणितालाही एक गुण मिळालाय बघा. म्हणून वेळ संपत आला तर कोरं ठेवण्यापेक्षा मांडणी तरी करून यावं.

आणि कृती! "कृती पूर्ण करून लिहा" म्हटलं की पूर्ण कृती उतरवून चौकटी भरायच्या. काही मुलं फक्त चौकटीतले आकडे एकाखाली एक लिहितात, परीक्षकाने जुळवत बसायचं. दोन मिनिटं वाचवायला जातात आणि गुण घालवून येतात.

कृष्णाकाठची
सर, शेअर्सचं राहिलं. दर्शनी किंमत १००, बाजारभाव १२०, लाभांश १५ टक्के, ५० शेअर्स, परताव्याचा दर काढा. त्याने लाभांश ९०० काढला.

ठाणेकर
सर, हे मी सांगतो, बँकेत आहे! गुंतवणूक ६००० खरी, पण लाभांश नेहमी दर्शनी किमतीवर. शेअरला १५ रुपये, ५० चे ७५०. परतावा ७५० भागिले ६०००, म्हणजे साडेबारा टक्के. त्याने ६००० चे १५ टक्के काढले. तसं केलं तर परतावाही १५ टक्केच येणार, मग प्रश्न विचारलाच कशाला असता? उत्तर दिलेल्या आकड्यासारखंच आलं तर थांबायचं.

फळाखडू
वा! हे शेवटचं मी आता माझ्या नावावर खपवणार.

जीएसटीबद्दलही एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बातम्या ऐकणारी मुलं पुस्तकातला २८ टक्के बघून बुचकळ्यात पडतात. पेपरात जो दर छापलाय तोच वापरायचा. केंद्राचा अर्धा आणि राज्याचा अर्धा हे विसरायचं नाही.

तिरकस
सगळे उत्साहात आहेत म्हणून विचारतो. हे सगळं करून पोरगं गणित शिकलं का पेपर? कंस घाल, टिंब दे, जागा सोड. सर्कशीतल्या हत्तीला शिकवतात तसं.

वऱ्हाडची
काका, मला गणित आवडते. पण मला येत असलेलं कागदावर दिसलं नाही तर तपासणाऱ्याला कसं समजणार? ते काय माझ्या घरी येतात का?

तिरकस
बाई, हरलो.

फळाखडू
तिरकसरावांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. रकाना एक मध्ये ज्याचे दहा-बारा गुण आहेत त्या मुलाला ही सगळी तंत्रं शिकवणं म्हणजे रिकाम्या डब्याला कल्हई. त्याला संभाव्यता शिकवा, नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायला शिकवा. आणि ताई, तुमच्याही मुलाचे ते चार गुण विसरू नका. बहुलकाचं सूत्र त्याला पाठ आहे का, की आकडे कुठून घ्यायचे ते कळत नाही?

कृष्णाकाठची
सूत्र पाठ आहे. आधीच्या वर्गाची आणि नंतरच्या वर्गाची वारंवारता यांत गोंधळ करतो. मध्यकातही संचित वारंवारता मध्यक वर्गाचीच घेतो, घ्यायची असते आधीच्या वर्गाची.

फळाखडू
सूत्राखाली प्रत्येक अक्षर म्हणजे काय ते मराठीत लिहायला लावा, समोर सारणीतली ती चौकट गोल करायची. आणि वर्ग २०-२९, ३०-३९ असे आले तर आधी सलग करायचे. मध्यक मिळाला की तो मध्यक वर्गाच्या आतच पडतो का बघायचं. बाहेर पडला तर काहीतरी चुकलंच.

शिकवणीवाला
भूमितीवरही लिहा ना सर. भाग २ ला माझी मुलं जास्त मार खातात.

फळाखडू
भूमितीत आकृती आधी, लिखाण नंतर. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती नसेल तर सिद्धता कितीही सुंदर असो, गुण जातात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि प्रत्येक विधानासमोर कंसात कारण. "सामाईक कोन", "को-को कसोटी" एवढंच, पण हवं. समरूप त्रिकोणांची नावं लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम संगतीप्रमाणे. तो एकदा चुकला की खालची सगळी गुणोत्तरं चुकतात आणि मुलाला वाटतं गणितच चुकलं.

रचनेत आधी कच्ची आकृती. कंपासने मारलेल्या कंसाच्या खुणा पुसायच्या नाहीत. मुलं स्वच्छतेच्या नादात खोडरबर फिरवतात आणि नेमके गुण पुसून टाकतात. भूमितीतही ताळा असतो हे कुणी सांगत नाही: त्रिज्या ३ सेमी, बिंदू केंद्रापासून ५ सेमी, स्पर्शिका काढा. पायथागोरसने स्पर्शिका ४ सेमी यायला हवी. काढून झाली की पट्टी लावून मोजा. दोन्ही ४ आल्या तर निर्धास्त पुढे जा. साडेतीन आणि चार आल्या तर लंबदुभाजक चुकलाय.

त्रिकोणमितीतही तसंच. उन्नत कोन ३०°, इमारतीपासूनचं अंतर ९० मीटर, तिची उंची किती? काही मुलं √३ ने भागायच्या ऐवजी गुणतात, १५५.७ येतं. बरोबर उत्तर ३०√३, √३ = १.७३ धरून ५१.९ मीटर. कोन ४५° पेक्षा लहान असेल तर उंची अंतरापेक्षा कमीच असणार. जमिनीवर उभं राहून मान थोडीशीच वर करायला लागते तेव्हा इमारत तुमच्यापासूनच्या अंतराएवढी उंच कशी असेल? मी पोरांना पटांगणात नेऊन मान वर करायला लावायचो. हेडमास्तरांना वाटायचं कवायत चाललीये.

महत्त्वमापनात त्रिज्या की व्यास ते बघा, π ची किंमत प्रश्नात असेल ती घ्या, एकक लिहा. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

कृष्णाकाठची
मंडळी, पंधरा दिवसांनी हजेरी लावतेय. दुसरी सराव परीक्षा झाली. भाग १ ला २९. घरात पेढे आणायचे का यावर वाद झाला, शेवटी बटाटेवडे केले.

रकाने: येत नव्हतं ३, चुकलं ६, वेळ २. चुका आठाच्या सहाच झाल्या, म्हणून मी जरा खट्टू आहे. कंस घालतो आता, चिन्हाचा एकही गुण गेला नाही. पण नव्या जागी चुकला: चारने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती, ते २१ लिहिलं. ९६ मधून १२ वजा करून चारने भागलं आणि शेवटचा एक मिळवायचा राहिला. २२ हवं होतं.

फळाखडू
खट्टू होऊ नका. वेळेचा रकाना पटकन उतरतो, चुकांचा सावकाश. जुनी चूक परत आली नाही हे मी आधी बघतो. नवीन आली तर तिची ओळख झाली म्हणायचं. त्या २१ वाल्याला विचारा: हाताच्या बोटांवर पहिल्या बोटापासून पाचव्यापर्यंत मोजताना ५ − १ = ४ बोटं म्हणतोस का?

कृष्णाकाठची
विचारलं. दोन्ही हात समोर धरून बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "हां, पहिलं पण मोजायचं." आता कच्च्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच लिहिलंय: "५४ की ४५? कंस? पहिलं मोजलं का?" बाबांनी खाली लिहिलं, "मोबाईल कुठाय?" त्यावरून परत वाद.

भाग २ ची उत्तरपत्रिका सोमवारी मिळणार आहे. तेच तीन रकाने ना?

फळाखडू
तेच तीन. फक्त दुसऱ्या रकान्यात आकृतीच्या चुका वेगळ्या काढा. आणि सोमवारच्या आधी त्याच्या कंपासपेटीतली पेन्सिल बघून घ्या. दहावीच्या मुलाच्या कंपासला लावलेली पेन्सिल हटकून बोथट असते.

कृष्णाकाठची
आत्ताच बघितली. सर, पेन्सिलच नाहीये.